आकाशकंदील माळ्यावर ठेवला, आता डिसेंबरचं काय करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोथरूडच्या एक ताई, वय 63, बँकेतून निवृत्त. यजमान या मार्चमध्ये गेले. वर्षभर घरात सण करायचा नाही असं ठरलं. दिवाळीत त्यांनी आकाशकंदील खोक्यातून काढला, पुसला आणि परत माळ्यावर ठेवून दिला. आता नाताळ आलाय. गेली 26 वर्षं दोघं डिसेंबरातल्या एका संध्याकाळी स्कूटरवरून कॅम्पात जायची. महात्मा गांधी रस्त्यावरची रोषणाई बघायची, मार्झोरीनमध्ये सँडविच खायचं, कयानीची बिस्किटं घ्यायची आणि घरी निघण्याआधी एका चर्चच्या फाटकाबाहेर स्कूटर लावून आतलं गाणं ऐकत उभं राहायचं. आत कधी गेले नाहीत. यंदा मुलगी म्हणते, "24 तारखेला आपण सगळे जाऊ." मोठ्या जाऊबाई म्हणतात, "स्वतःच्या घरी पणती लावली नाहीस आणि दुसऱ्यांच्या सणाचे दिवे बघायला जाणार? लोक काय म्हणतील?" खालच्या मजल्यावर एक ख्रिस्ती जोडपं राहतं, मूळचं श्रीरामपूरकडचं. त्या ताईंनी "संध्याकाळी खाली येऊन बसा" असं दोनदा सांगितलंय. आणि सात वर्षांचा नातू विचारतो, "आजोबा नाहीत म्हणून लाइट पण बघायचे नाहीत का?" ताईंना जावंसं वाटतं, आणि जावंसं वाटतं याचीच लाज वाटते.

---

ताई,

तुमचं पत्र तीन पानांचं आहे आणि प्रश्न शेवटच्या दोन ओळींत. माझं मन मात्र दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यात अडकलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय: "हे गेले त्या दिवशी चूल पेटली नाही, तेव्हा पिठलं-भात खालच्या ताईंनीच आणला होता." पुढच्याच परिच्छेदात तुम्ही नाताळाला "दुसऱ्यांचा सण" म्हणता. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून एकदा वाचा. ज्या घरातून दुःखाच्या दिवशी आपल्या ताटात भात आला, ते घर सणाच्या दिवशी दुसऱ्यांचं कसं होतं?

आधी लाजेबद्दल बोलते, कारण बाकीचं सगळं तिथेच अडलंय.

माणूस गेल्यावर वर्षभर सण करायचा नाही, हा रिवाज आमच्याकडेही आहे आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही. मला तर तो फार समजूतदार वाटतो. ज्या बाईचं काळीज ठिकाणावर नाही तिला चकल्या पाडायला लावू नका, नवी साडी नेसवून ओवाळायला उभी करू नका, हसरा चेहरा मागू नका, एवढंच तो सांगतो. आपण हळूहळू या सवलतीची शिक्षा करून टाकली. सण "करायचा" नाही, इथवर ठीक होतं. मग सण "बघायचा" नाही आलं, त्यानंतर "आवडून घ्यायचा" नाही. पुढच्या दोन गोष्टी कुणी सांगितल्या? तुमच्या घरी यंदा फराळ तळला नाही, पण शेजारपाजाऱ्यांनी डबे पाठवले असणार. ते तुम्ही घेतलेत, नातवाने खाल्ले. म्हणजे रिवाजानेही दुसऱ्याच्या घरचं गोड आपल्या दारातून आत येऊ दिलंच की.

माझे वडील भाद्रपदात गेले. त्या दिवाळीत आमची गॅलरी काळोखी होती. समोरच्या इमारतीत एक मोठा केशरी आकाशकंदील होता, त्याचा उजेड थेट आमच्या गॅलरीतल्या फरशीवर पडायचा. चार दिवस आई रोज जेवण झालं की आतली ट्यूब बंद करायची, खुर्ची ओढून त्या उजेडात बसायची आणि तो विझला की उठायची. आम्ही कुणी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. तुमचं पत्र वाचताना मला ती खुर्ची सरकवल्याचा आवाज आठवला. वडिलांना ती विसरली होती असं त्या चार दिवसांत आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

तेव्हा जावंसं वाटतं याची लाज मनातून काढून टाका. 26 वर्षं ज्यांच्यामागे बसून तुम्ही ते दिवे बघितलेत, त्यांची आठवण डिसेंबरात त्याच रस्त्याने येणार. ती दुसऱ्या कुठल्या रस्त्याने यावी?

आता जाऊबाई. त्यांच्यावर रागावू नका असं मी सांगेन, आणि ते केवळ घरातली शांतता राखायला नाही. तुमचे यजमान त्यांचे दीर होते. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा ते शाळकरी होते, असं तुम्हीच लिहिलंय. काही माणसं रडून दुःख करतात, काही माणसं नियम घट्ट धरून करतात. त्या दुसऱ्या प्रकारच्या असाव्यात. त्यांना वादात हरवायला जाऊ नका. जायच्या आधी फोन करून सरळ सांगा: "वहिनी, मी अमुक दिवशी नातवाला घेऊन जाणार आहे. हे दरवर्षी न्यायचे, म्हणून जातेय. तुम्ही येता का?" त्या बहुतेक नाही म्हणतील. पण लपवून केलेली गोष्ट चोरीची वाटते, सांगून केलेली तशी वाटत नाही.

"लोक काय म्हणतील" याचं भय पुण्यात जुनं आहे. 1890 साली पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यावरून केवढं वादळ उठलं! लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताची गोष्ट गेली. आज गुरुवार पेठेतल्या त्या चर्चच्या मनोऱ्यासमोरून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जातात आणि त्या चहात कुणाला काहीच वाटत नाही. जे लोक काहीतरी म्हणाले त्यांची नावंही आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

तुमच्या पत्रात आणखी एक समजूत दडलेली आहे. हा सण कॅम्पातला, इंग्रजीतला, थोडासा परका. आपण त्याला बाहेरूनच बघायचं, फाटकाशी उभं राहून. बँकेत आयुष्य काढलेल्या, चार प्रकारच्या माणसांशी रोज बोललेल्या बाईचीही ही समजूत असेल तर ती बऱ्याच वाचकांची असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाताळ हा शब्दच बघा. पोर्तुगीजांकडून आला आणि पाव-बटाट्यासारखा आपला होऊन गेला. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च 1792 सालचं. त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, त्यांच्याच फौजेत चाकरी करणाऱ्या कॅथलिक लोकांसाठी. पुण्यात ब्रिटिशांची छावणी पडली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे शनिवारवाडा नांदता होता तेव्हापासून या गावात नाताळच्या घंटा वाजताहेत. आणि गाणं? रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली गेले. त्यांनी लिहिलेली मराठी भजनं अजून मराठी उपासनेत म्हटली जातात, पेटी-तबल्यावर आणि अभंगाच्या वळणाने. तुम्ही दोघं फाटकाबाहेर ऐकायचात ते इंग्रजी गाणं होतं आणि ते सुंदरच असतं. चार आवाज एकावर एक चढत जातात आणि थंडीत अंगावर काटा येतो. पण ज्या दिवशी तुम्ही मराठी उपासनेत बसाल त्या दिवशी शब्द कळतील, आणि एखाद्या कडव्याला तुमच्या नकळत तुमचा हात मांडीवर ताल धरेल.

मग यंदा करायचं काय? मला दिसतात ते पर्याय असे.

काहीच न करणं हाही एक पर्याय आहे. 24 तारखेला खिडकी लावून लवकर झोपलात तरी कुणाचं काही बिघडत नाही. वर्ष कठीण गेलंय. पण तुमचं पत्र असं झोपायचं ठरवलेल्या बाईचं वाटत नाही.

मुलीचा बेत, म्हणजे 24 ला रात्री सगळ्यांनी महात्मा गांधी रस्त्यावर जायचं, मला पसंत नाही. तिची माया कळते. पण त्या रात्री तिथे माणसाला माणूस लागलेला असतो, वाहनांना रस्ता बंद असतो, कानाशी पिपाण्या वाजतात, लुकलुकणाऱ्या शिंगांचे हेअरबँड आणि लाल टोप्या विकणारी पोरं मधे येतात. तरुण मंडळींना त्यातच मजा असते आणि ती त्यांनी जरूर घ्यावी. तुम्ही मात्र पहिल्यांदाच यजमानांशिवाय त्या रस्त्यावर पाय ठेवणार आहात. अशा वेळी थांबावंसं वाटलं तर थांबता यायला हवं, डोळे पुसावेसे वाटले तर कोपरा मिळायला हवा. त्या गर्दीत दोन्ही मिळणार नाही, आणि सात वर्षांच्या मुलाला लोकांच्या कमरा आणि पिशव्यांपलीकडे काही दिसणार नाही.

आणि खरं तर घाई कशाची? आपल्याकडे 25 उलटला की नाताळ संपला असं धरतात. ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये तो तेव्हा सुरू झालेला असतो. त्याआधीचे चार रविवार वाट बघण्याचे, आगमनकाळाचे. नाताळचा काळ पुढे 6 जानेवारीपर्यंत, तीन ज्ञानी लोकांच्या सणापर्यंत चालतो. गव्हाणी (येशूजन्माचा देखावा), चांदण्या, दिव्यांच्या माळा बहुतेक ठिकाणी तोवर असतात. म्हणून 26 ते 30 मधली एखादी आडवारची संध्याकाळ निवडा. दिवे तेच असतात, गर्दी बरीच कमी झालेली असते. 31 टाळा.

जाताना स्कूटरच्या वाटेने जाऊ नका, म्हणजे मुलीच्या गाडीतूनही नको. कर्वे रस्त्यावरचा प्रत्येक सिग्नल काहीतरी आठवून देईल. वनाजहून मेट्रो थेट पुणे स्टेशनला जाते, तिथून कॅम्पला रिक्षा. नातवाला खिडकीशी बसवा, नदी ओलांडताना त्याला खाली बघू दे. ही वाट तुमची आणि त्याची नवी असेल, आजोबांबरोबरची जुनी वाट जिथे आहे तिथे राहील. कयानीत जायचं असेल तर दुपारी दुकान बंद असतं आणि या दिवसांत रांग मोठी असते, एवढं लक्षात ठेवून निघा. स्वेटर, नातवाला कानटोपी. रात्री पारा 10-12 अंशांवर येतो आणि लहान मुलं तोंड उघडं ठेवून दिवे बघतात.

पण या सगळ्याच्या आधी, ताई, खालच्या मजल्यावर जा.

हा माझा खरा सल्ला आहे. तुम्ही लिहिता की 14 वर्षं दर नाताळाला खालून ताट येतं: करंज्या, शंकरपाळी, केकचा तुकडा. दिवाळीला तुमचं ताट खाली जातं. दारात हसणं होतं, रिकामं ताट परत करताना त्यात साखर घालणं होतं. पण नाताळात त्यांच्या बैठकीत जाऊन बसणं 14 वर्षांत एकदाही झालेलं नाही. 8-10 किलोमीटर लांब जाऊन अनोळखी माणसांचे दिवे तुम्ही 26 वेळा बघितलेत, आणि एक जिना उतरून ओळखीच्या माणसांचे एकदाही नाही. दोष म्हणून सांगत नाही. आपण बहुतेक सगळे असंच करतो. मीही केलंय.

त्यांची दोन्ही मुलं परगावी आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. त्या तुम्हाला बोलावतात ती केवळ तुमची कणव म्हणून, हे कशावरून? गव्हाणी मांडायला चार हात लागतात. तुम्ही कधी जवळून बघितली नसेल तर सांगते. खोके एकावर एक रचून त्यावर चुरगळलेला तपकिरी कागद घालतात, त्याचे डोंगर होतात. गवत अंथरतात, वरून दिव्यांची माळ सोडतात, मातीची मेंढरं, गाय, गाढव, मेंढपाळ आणतात. आपल्या दिवाळीतल्या किल्ल्याची ही सख्खी मावसबहीण. काही घरांत आठवडा-दहा दिवस आधी ताटलीत गहू नाहीतर नाचणी पेरतात आणि उगवलेले हिरवे कोंब गव्हाणीपुढे कुरण म्हणून ठेवतात. घटाचं धान उगवताना रोज सकाळी वाकून बघणाऱ्या बाईला हे कुणी समजावून द्यायला नको. हा देखावा मांडण्याची चाल इटलीत संत फ्रान्सिसांनी 1223 साली घातली असं सांगतात. पुण्यात गणपतीचे देखावे बघत वाढलेल्या नातवाला तो बघताक्षणी आवडेल. त्याला किल्ल्यावरचे मावळे मांडायची सवय असेल तर मेंढरं मांडायला त्याची मदतच होईल.

जाताना काय न्यायचं, असा प्रश्न पडला असेल. तळण नको असेल तर फळं न्या, शेवंतीची फुलं न्या. केक घ्यायचा नसेल तर सरळ सांगा. त्यात अंडं असतं आणि काही घरांत सुकामेवा रममध्ये मुरवलेला असतो. इतर शाकाहारी वाचकांनीही हे संकोच न करता विचारावं. ज्यांनी बोलावलंय त्यांना याचं वाईट वाटत नाही, न खाता ताट झाकून ठेवल्याचं वाटतं.

आणि गाणं ऐकायला आत जायचं असेल तर त्यांच्याच बरोबर जा. मराठी मिस्सा (कॅथलिकांची उपासना) किंवा इतर चर्चमधली उपासना कुठे आणि किती वाजता, हे त्यांना ठाऊक असेल. मध्यरात्रीची मिस्साही काही ठिकाणी बरीच आधी सुरू होते, तेव्हा अंदाजाने जाऊ नका. आत गेल्यावर मागच्या बाकावर, कडेला बसा. डोळे भरून आले तर उठून बाहेर येता येतं. सगळे उभे राहिले की उभं राहावं, गुडघे टेकले की आपण नुसतं बसून राहिलं तरी चालतं. दाराशी चपला काढलेल्या दिसल्या तर काढाव्या, नाहीतर तशाच आत जावं. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडचे पाहुणे इथेच चुकतात: मिस्सेच्या शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन कम्युनियन घेतात. तो आपल्या देवळातल्यासारखा सर्वांसाठीचा प्रसाद नसतो, त्यांच्या श्रद्धेतला फार आतला भाग आहे. तेव्हा आपल्या जागी शांत बसायचं. नातवाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो रांग बघून धावेल. उपासना चालू असताना फोन खिशात. गव्हाणीचे फोटो नंतर, विचारून.

वाचकांपैकी ज्यांच्या इमारतीत यंदा कुणाचं असं वर्ष चाललंय, त्यांना एक विनंती. "त्यांच्याकडे सण नाही" म्हणून त्यांना वगळू नका. नाही म्हणायचं असेल तर ते म्हणतील. पण "कधीतरी या" असं मोघम बोलावलं तर दुःखातला माणूस येत नाही, त्याला कुठला दिवस बरा हे ठरवायचं बळ नसतं. "गुरुवारी सहाला या, चहा घेऊ, अर्ध्या तासात जा" असं बोलवा. खालच्या ताईंनी दोनदा विचारलं. बऱ्याच घरांत एकदा नकार आला की दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

त्या जुन्या फाटकाबद्दल. तुम्ही विचारलंय की तिथे जाऊन उभं राहावं की नको. राहा, पण पहिल्या संध्याकाळी नको, आणि नातवाबरोबर नको. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या दिवशी एकट्या जा. दिवे अजून असतील, गाणं कदाचित नसेल.

नातवाने जे विचारलंय त्याचं उत्तर त्याला द्या, टाळू नका. "आपल्या घरी या वर्षी नाही लावायचे. जिथे लागलेत तिथे बघायला जायचं. आजोबा मला न्यायचे, आता मी तुला नेणार." एवढं त्याला पुरेल. मग त्याला घेऊन 23 तारखेच्या सुमारास खाली जा. गव्हाणीत मधोमध बाळाची जागा तेव्हा रिकामी असेल. मूर्ती 24 च्या रात्री ठेवतात. तो लगेच विचारेल, सगळे आलेत मग बाळ कुठाय? त्याचं उत्तर खालच्या ताईंना देऊ द्या, आणि 26 ला त्याला परत खाली घेऊन जा.